राहू द्या, आमच्याकडून

टिंग, टिंग, टिंग. चहाच्या पेल्यात चमचा फिरला आणि दुपारची शांतता फुटली. साखर केव्हाच विरघळली होती. पण हाज्जा इनायात चमचा साखरेसाठी फिरवत नाहीत. आपल्याला काही बोलायचं आहे हे घराला कळावं म्हणून फिरवतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर, पिठाचा डबा आणि तुपाचा डबा यांच्यामधल्या वीतभर जागेत लॅपटॉप उघडून बसलेल्या त्यांच्या सुनेनं, रबाबनं, आधी पाळण्याकडे पाहिलं. तान्ह्या अनसनं झोपेतच दूध प्यायल्यासारखे ओठ हलवले आणि तो पुन्हा गप्प झाला. मग कुठे रबाबनं श्वास सोडला.

कोणताही धंदा भांडवलावर उभा राहत नाही, तो तान्ह्या मुलाच्या झोपेवर उभा राहतो, हे अर्थशास्त्रातलं मूलभूत सत्य आहे. (अर्थशास्त्राची पुस्तकं ज्यांनी लिहिली त्यांची मुलं दुसरंच कुणीतरी झोपवत होतं, म्हणून ते छापायचं राहून गेलं.) रबाबचा धंदा या सत्यावर उभा होता. त्याचं नाव ‘हाज्जाचे कहक’. ईदला ज्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही असे ते कहक, म्हणजे खुसखुशीत बिस्किटं: आत खजुराचं सारण, वर पिठीसाखरेचा ढीग, आणि खाणाऱ्याच्या छातीवर त्या साखरेचा पुरावा. हाज्जांच्या हातचे कहक इजिप्तमधल्या दुम्यात शहरात प्रसिद्ध होते. ते वेबसाईटवरून विकावेत ही कल्पना रबाबची. आणि वेबसाईट बांधायची जबाबदारी हाज्जांचा भाचा मिदहत याची, कारण ती कशी बांधतात याचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. (काही तर शेवटपर्यंत.)

घरातला करार असा होता. गच्चीवर एक खोली रिकामी होती. रबाबला ती कामासाठी हवी होती, हाज्जांना कबुतरांसाठी. रबाबचा नवरा वाइल सोनेरी पायांच्या खुर्च्या बनवतो. (घरी बसायला प्लास्टिकच्या.) त्यानं दोघींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि कोणत्याही शहाण्या पुरुषासारखा निकाल ईदवर ढकलून तो कारखान्यात निघून गेला. ईदपर्यंत साईट आपल्या पायावर उभी राहिली तर खोली रबाबची, नाही तर कबुतरांची. कबुतरांच्या बाजूनं एक मुद्दा भक्कम होता: ती पासवर्ड विसरत नाहीत.

मिदहतच्या मते वेबसाईटला सर्वात आधी लागतो तो आजोबा. ‘आमच्याविषयी’ नावाचं एक पान असतं, त्यावर आजोबा नसेल तर गिऱ्हाईक थांबत नाही. तेव्हा हाज्जांच्या वडिलांना त्या पानावर आणून बसवण्यात आलं, आणि ‘त्यांच्या हृदयात कहकसाठी खास जागा होती’ असं लिहिण्यात आलं. (त्यांना कहक आवडत नसत. ते म्हणत, साखर दाढीत अडकते.) मग रंगाचा प्रश्न आला. मग, रंग ठरल्यावर, तो बदलण्याचा प्रश्न आला. या दोन प्रश्नांत हिवाळा संपला आणि रमजान तोंडावर येऊन ठेपला. एकूण उद्योगाची प्रगती समाधानकारक होती.

त्या दुपारी चमचा थांबला तो या टप्प्यावर.

“पोरी, हे काय लिहिलंय इथे?” हाज्जांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“कुठे, आई?”

“हे बघ. ‘आता पैसे भरा.’”

“पैसे भरायचं बटण आहे ते.”

“ते मला दिसतंय, मी आंधळी नाही. पण असं तोंडावर? माणूस दारात आला, त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, आणि लगेच हात पुढे? भीक मागतोय का आपण?”

“आई, वेबसाईटवर पाणी कसं विचारणार?”

“पाणी राहू दे. पण ‘राहू द्या’ तरी म्हणशील की नाही?”

हाज्जांचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. नाईलच्या मुखाशी वसलेल्या या शहरात कुणी दुकानदार गिऱ्हाइकाला सरळ किंमत सांगत नाही. किंमत विचारली की तो छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, “खल्ली, राहू द्या हो, आमच्याकडून!” टॅक्सीवाला म्हणतो, न्हावी म्हणतो, दात काढणारा डॉक्टर दात हातात धरून म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं, “छे छे, असं कसं!” असं तीनदा झालं की मग पैसे घेतले जातात, तेही थोडे जास्तच. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सर्व काही फुकट देऊ करणारं आणि तरीही एक पैसा न सोडणारं शहर जगात दुसरं नसेल. ‘राहू द्या’ हे स्वीकारणाऱ्यांचं प्रमाण शंभरात शून्य आहे. राजाच्या काळात एका माणसानं “बरं” म्हटलं होतं म्हणतात. त्याच्या पणत्यांची लग्नं अजून जमत नाहीत.

तेव्हा वेबसाईटलाही वळण लावायचं ठरलं. मिदहतला बोलावून घेण्यात आलं आणि पुढील नियम संमत झाले.

गिऱ्हाईक पैसे भरायला आलं की एक खिडकी उघडेल: ‘राहू द्या हो, आमच्याकडून समजा.’

त्यानं आग्रह केला की दुसरी उघडेल: ‘अल्लाशप्पथ, राहू द्या.’

तिसरी: ‘माझ्या नातवंडांची शप्पथ आहे तुम्हाला.’ (एक किलोच्या आतल्या खरेदीला नातवंडांना मध्ये आणू नये, असं हाज्जांनी सुचवलं. ते मान्य झालं.)

त्यानंतर बँकेचं पान. बँकेला वळण लावणं आपल्या हातात नाही, याबद्दल हाज्जांनी खेद नोंदवला.

“पण रबाबताई, खिडकीला दोन बटणं लागतात हां,” मिदहत म्हणाला. “एक ‘छे छे, असं कसं’. दुसरं काय टाकू?”

“दुसरं कशाला?”

“व्हिडिओत दोनच असतात. एकच ठेवलं तर जबरदस्ती वाटते.”

“मग टाक ‘बरं’,” हाज्जा म्हणाल्या. “कोण दाबतंय!”

साईट सुरू झाली आणि दुम्यात हरखून गेलं. मशिनला इतकं अगत्य असू शकतं हे कुणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका काही घ्यायचं नसतानाही येऊन नुसती खिडकी उघडून जाऊ लागल्या. मुलं परदेशी गेलेल्या घरांतून तर रोज येत. कुणीतरी आपल्याला शप्पथ घालतंय, एवढ्यानंच त्यांचं पोट भरे. मागण्याही आल्या. रबाब अनस झोपला की कणीक मळे, उठला की त्याला कडेवर घेऊन एका हातानं मळे. त्याच्या कुरळ्या केसांत पीठ बसायचं, आणि घरातलं सर्वात म्हातारं माणूस तोच दिसायचा. तिची पाच वर्षांची लोजैन कहकवर चिमट्यानं नक्षी काढे. नक्षी वाकडी यायची. गिऱ्हाइकांना तीच आवडायची.

आणि एके दिवशी पहिलं ‘बरं’ आलं.

मागणी दोन किलोची होती. किमतीच्या जागी, मिदहतनं कधी लागणार नाही म्हणून गमतीत लिहून ठेवलेले शब्द उमटले होते: ‘स्नेहपूर्वक माफ’. नाव होतं मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका मादाम इन्शिराह यांचं. प्रामाणिकपणा या विषयावर अर्ध्या शहरानं त्यांच्याच हाताखाली निबंध लिहिले होते.

“चुकून झालं असेल,” रबाब म्हणाली.

“चुकून तर चुकून. आपण शब्द दिला. डबा जाईल,” हाज्जा म्हणाल्या, आणि डबा गेला.

चूक संसर्गजन्य असते. दुसऱ्या दिवशी औषधवाल्याचं बोट चुकलं. मग वाइलच्या कारखान्याच्या मालकाचं, मग मालकाच्या तीनही मेव्हण्यांचं. रमजानच्या मध्यापर्यंत बोट घसरण्याची ही साथ सर्व थरांत पोहोचली होती. गरिबांत तिचं प्रमाण नगण्य, सुखवस्तूंत लक्षणीय, आणि दानधर्मावर बोलणाऱ्यांत सर्वाधिक आढळलं. तीच माणसं संध्याकाळी भाजीवाल्याशी तीनतीनदा “छे छे” करत होती, त्याच्या खिशात नोटा कोंबत होती, हे विशेष.

“दुकानात माणूस ‘छे छे’ म्हणतो ते आपल्याला नाही, पोरी,” हाज्जा उसासून म्हणाल्या. “आपल्या डोळ्यांना म्हणतो.”

“मग ती खिडकी काढून टाकू या, आई. पीठ संपत आलंय, तूप संपत आलंय.”

“काढ की! उद्या गाव म्हणेल, इनायातच्या घरी ‘राहू द्या’ म्हणायची पद्धत बंद झाली. लोजीला मागणी घालायला कोण येईल मग?”

“ती पाच वर्षांची आहे!”

“गाव विसरत नाही.”

हे बोलून हाज्जा गच्चीवर गेल्या. खाली रबाबला त्यांची पावलं ऐकू येत होती. त्या खोलीत भिंतीच्या कडेकडेनं चालत होत्या. कबुतरांची किती खुराडी बसतील याचा अंदाज चालला होता. रबाबनं लॅपटॉप मिटला. वर्षभर तिनं मुलांच्या झोपांमधून चोरलेला वेळ त्या खोलीत कुठे टेबल, कुठे पाळणा, कुठे लोजीची चटई, अशा विचारांनी भरला होता. आता तिथे कबुतरं घुमणार. तिला रडू आलं. पण अनस उठायची वेळ झाली होती, म्हणून तिनं ते पुढे ढकललं.

तेवढ्यात लोजी आत आली. टेबलावर थंड होत असलेल्या कहकच्या परातीकडे तिनं पाहिलं. आई पाठमोरी आहे याची खात्री केली. हात पुढे केला. आणि वर भिंतीवर तिची नजर गेली, जिथे हाज्जांचा हजच्या वेळचा फोटो लावलेला आहे: पांढरा रुमाल हनुवटीपर्यंत आवळलेला, ओठ मिटलेले, आणि डोळे असे की समोरच्यानं उगाच माफी मागावी. लोजीनं हात मागे घेतला. फ्रॉकला पुसलासुद्धा.

रबाबनं हे सारं ओव्हनच्या काचेत पाहिलं, आणि मिदहतला फोन लावला.

“खिडकीत फोटो टाकायचा?” मिदहत म्हणाला. “ताई, व्हिडिओत असं कुठे नाही.”

“व्हिडिओवाल्यांना सासू नसेल. टाक तू.”

हाज्जांनी एवढंच विचारलं की फोटोत रुमाल सरळ आहे ना.

परिणामांची आकडेवारी थोडक्यात देता येते. फोटो लागल्यापासून ‘बरं’ दाबणारे: कुणीही नाही. दाबायला बोट नेऊन परत फिरलेले: जवळपास सगळे. खिडकी न बघताच घाईघाईनं दुप्पट पैसे भरणारे: अनेक, त्यांत तीन मेव्हणे. मादाम इन्शिराह स्वतः घरी आल्या, आपल्या बोटाला संधिवात असल्याचं डॉक्टरी भाषेत सांगितलं, आणि दोन किलोचे पैसे टेबलावर ठेवले.

“राहू द्या हो, आमच्याकडून,” हाज्जा म्हणाल्या.

“छे छे, असं कसं!” मादाम म्हणाल्या. या वेळी सर्व काही प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडत असल्यामुळे प्रथेप्रमाणे पार पडलं.

ईदच्या चंद्रासोबत खोली रबाबची झाली. हाज्जांनी दोन कबुतरं तिथे ठेवलीच, “सोबतीला” म्हणून. आणि धंदाही वाढला, मात्र अनपेक्षित दिशेनं. औषधवाला, चपलावाला, खुर्च्यांचा मालक, सगळ्यांना आपापल्या साईटसाठी हाज्जांची नजर हवी होती. मिदहतनं फलक छापला: ‘येथे डोळे लावून मिळतील’. कहक विकण्यापेक्षा लाज भाड्यानं देणं किफायतशीर आहे, कारण तिला तूप लागत नाही. आज दुम्यातमध्ये माणूस फोनवर कुठेही पैसे भरायला गेला की हाज्जा इनायात त्याच्याकडे बघतात. शहराची नैतिक पातळी एवढी उंच कधीच नव्हती. हाज्जा मात्र रस्त्यात दिसल्या की आता ओळखीची माणसंही नजर चुकवून रस्ता ओलांडतात.

एका दुपारी रबाब गच्चीवरच्या खोलीत बसली होती. अनस चटईवर झोपला होता, कबुतरं भिंतीकडे तोंड करून घुमत होती. हाज्जांना आवडतो तो जैतुनाच्या तेलाचा साबण मागवावा असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या गावच्या एका साबणवाल्याची साईट सापडली. त्यानं खिडकीची कल्पना तिच्याकडूनच उचललेली दिसत होती: ‘राहू द्या हो, आमच्याकडून समजा.’ खाली दोन बटणं. फोटो नव्हता.

रबाबनं दाराकडे पाहिलं.

इथे वाचकाला नम्र सूचना अशी की, “आम्ही असं कधीच केलं नसतं,” हे वाक्य त्यानं मोठ्यानं म्हणावं, आणि म्हणताना खोलीत आणखी कोण आहे तेही पाहून घ्यावं.

प्रतिस्पर्ध्याची व्यवस्था नेमकी कशी चालते याचा अभ्यास करणं प्रत्येक उद्योजकाचं कर्तव्य आहे. केवळ त्या कर्तव्यापोटी रबाबनं ‘बरं’वर बोट ठेवलं आणि अलगद दाबलं. ‘स्नेहपूर्वक माफ,’ असं उमटलं. शब्दसुद्धा त्यानं तिच्याच साईटवरचे उचलले होते.

मागे काहीतरी सरकलं. कबुतरांच्या खुराड्यामागून लोजी उठून उभी राहिली, हातात अर्धा कहक, हनुवटीपर्यंत पिठीसाखर. ती किती वेळ तिथे होती कोण जाणे. ती आईजवळ आली, तिच्या खांद्याला टेकली, पडद्यावरच्या खिडकीकडे वाकून वाकून बघत राहिली. मग तिनं साखरेचं बोट काचेवर ठेवून विचारलं,

“आई, ह्यांच्याकडे आज्जीचा फोटो नाहीये का?”