पोकळ फांदी आणि वाढत्या खुर्च्या

झाडावर चढणाऱ्या माणसाने आधी दोर तपासावा, मग फांदी तपासावी आणि शेवटी स्वतःचं डोकं तपासावं, असा खारोबाचा नियम होता. वीस वर्षं त्याने तो पाळला आणि वीस वर्षांत तो एकदाही पडला नाही. पुढे जे झालं ते सगळं तो जमिनीवर असताना झालं.

खारोबा हे त्याचं खरं नाव नव्हे. खारीसारखा सरसर वर जातो म्हणून लोकांनी ते दिलेलं. धंदा झाडांच्या शस्त्रक्रियेचा. वाळलेल्या, किडलेल्या, कुणाच्या छपरावर रेललेल्या फांद्या झाडाला फार न दुखवता उतरवायच्या. वर करवत घेऊन तो आणि खाली दोर धरून दोरीवाला, एवढीच कंपनी. कामांची नोंद बायको स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर करायची. तपासणीची पद्धत एकच होती. लाकडी हातोडीने फांदीवर टकटक करायचं आणि कान लावायचा. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं. आतून पोखरलेलं भद्द वाजतं, ओली उशी बडवल्यासारखं. हा आवाज कानावर पडला की ती फांदी उतरेपर्यंत खारोबाला घास गिळवत नसे.

त्या दिवशी बाईंच्या दारातली फांदी तशी वाजली. बाई म्हणजे त्याला शाळेत शिकवलेल्या बाई. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी झाडाखाली वेताची खुर्ची टाकून पेपर वाचायच्या, आणि फांदी बरोबर खुर्चीच्या वर होती.

"बाई, उद्या सकाळी दोर घेऊन येतो. तोवर इथे बसायचं नाही."

"मी बसणार. तूच वेळेवर ये. निबंधाची वहीसुद्धा उद्या देतो म्हणायचास."

घरी आल्यावर खारोबाने ताट न जेवताच बाजूला सरकवलं. ते नेमकं मेव्हण्याने पाहिलं. बायकोचा हा धाकटा भाऊ 'ताणविरहित व्यवसायवृद्धी' या विषयाचं तीन दिवसांचं शिबिर करून नुकताच परतला होता. आतापर्यंत तीन धंदे त्याने कसलाही ताण न घेता बुडवले होते, त्यामुळे या विषयातला त्याचा अधिकार घरात कुणी नाकारत नव्हतं.

"दाजी, तुमचा धंदा का वाढत नाही, सांगू? तुम्ही कामं करत बसता."

"मग काय करू?"

"वाढ! काम वेगळं, वाढ वेगळी. आणि हे 'उद्या सकाळी' काय लावलंय? सगळा ताण त्या 'उद्या'त आहे."

"अहो, ऐका त्याचं," बायको म्हणाली. "पाठ बघा तुमची. नुसतं लाकूड झालंय."

पाठ खरंच दुखत होती. पाठदुखीपायी माणूस कशाकशाला हो म्हणतो हे ज्याची पाठ दुखते त्यालाच कळतं. खारोबा हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे निघण्यापूर्वी फक्त तासाभराचं ताण-सर्वेक्षण होतं. ते नऊ दिवस चाललं. निष्कर्ष असा की व्यवसायातला सगळा ताण जमिनीपासून सहा फुटांच्या वर आढळतो. सहा फुटांखाली तो नगण्य असून तोही मुख्यतः जेवणाच्या डब्यात भाजी कोणती निघते यावर अवलंबून आहे. सबब, पुढील आदेशापर्यंत झाडावर चढणं स्थगित करण्यात आलं. आदेश मेव्हण्याने लिहिला, सही खारोबाने केली आणि तो बजावण्यात आलाही खारोबालाच. पोच म्हणून त्याने आणखी एक सही केली.

चढणं थांबल्याबरोबर कंपनी भराभर वाढू लागली. आधी कार्यालय आलं, मग उंची समन्वयक आला, मग फांदी-संवाद अधिकारी, आणि या दोघांचं आपसात पटेना म्हणून तिसरा. दोरीवाल्याला 'प्रमुख, भूमी विभाग' करण्यात आलं. तो बिचारा पहिले काही दिवस दोर मांडीवर घेऊन बसायचा. वाढ मोजायची कशात, हा प्रश्न निघाला. उतरवलेल्या फांद्यांत मोजली तर वाढ शून्य यायची. म्हणून ती खुर्च्यांत मोजायचं ठरलं. दोन महिन्यांत कंपनी दोन खुर्च्यांवरून चाळीसवर गेली आणि मेव्हण्याने भिंतीवर तसा आलेख लावला.

टकटक करण्याचा प्रश्नही मार्गी लागला. भद्द आवाजाने कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य खचतं, असं आढळल्यामुळे यापुढे फक्त निरोगी फांद्यांवरच हातोडी मारावी असं ठरलं. अहवालात 'पोकळ' हा शब्द बाद झाला. फांदीच्या प्रकृतीपुढे तीन चौकटी ठेवल्या गेल्या: उत्तम, अत्युत्तम आणि लवकरच उत्तम. बाईंची फांदी 'लवकरच उत्तम'मध्ये बसली.

खारोबाला झोप लागत होती, पाठ दुखायची थांबली होती, वजन वाढलं होतं. फक्त जेवताना मध्येच तो टेबलावर बोटाने टकटक करायचा आणि कान लावायचा. बायको म्हणायची, "अहो, काय ऐकताय?" तो म्हणायचा, "काही नाही." मनातून त्याला स्वतःची लाज वाटत होती. बाईंच्या गल्लीतून जायचं तो टाळायचा.

शेवटी बाईच कार्यालयात आल्या.

"आजी, टोकन घ्या," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"टोकन कशाला? त्याला बोलाव. चौथीत माझ्या वर्गात होता."

"चौथीची खिडकी वेगळी नाही आमच्याकडे. बसा, नंबर पुकारू."

बाई बसल्या. नंबर आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी पेपर आणि चहाचा थर्मास घेऊन. आठवडाभर त्यांना काचेआडून पाहिल्यावर खारोबाला राहवलं नाही. तो बाहेर आला आणि समोर मान खाली घालून उभा राहिला.

"तू उद्या येणार होतास," बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. "त्या उद्याला तीन महिने झाले."

बाईंनी छडी मारली असती तर बरं, असं त्याला झालं. "बाई, आत्ता चला. आत्ता उतरवतो," म्हणून तो करवत आणायला धावला. करवत भिंतीवर काचेच्या पेटीत लावलेली होती, खाली पाटी होती: 'आमचा वारसा'. पेटीची किल्ली मेव्हण्याकडे, आणि मेव्हणा ताणमुक्त रजेवर, म्हणजे फोन बंद. खारोबाने खुर्ची उचलून काच फोडली. करवत काढली तर तिचे दात घासून बोथट केलेले. पाहुण्यांना भीती वाटू नये म्हणून. तरीही ती घेऊन तो भूमी विभागात गेला.

"ऊठ, दोर घे. बाईंची फांदी आहे."

दोरीवाल्याचे डोळे क्षणभर चमकले. मग त्याने समोरच्या माणसांकडे पाहिलं. "मीटिंग चाललीय. एवढी संपली की आलोच."

"कशाची मीटिंग?"

"फांद्या का उतरत नाहीत याची."

तेवढ्यात बाईंचा शेजारी धापा टाकत आत शिरला. फांदी कोसळली होती. वेताच्या खुर्चीचा भुगा झाला होता आणि बाई कुठे सापडत नव्हत्या. सापडणार कशा? त्या टोकन क्रमांक सत्तावन्न हातात धरून शब्दकोडं सोडवत होत्या. खारोबा मटकन खाली बसला आणि चाळीस खुर्च्यांच्या देखत लहान पोरासारखा रडला.

"रडतोस काय?" बाई म्हणाल्या. "माझी खुर्ची गेली, ते सांग."

मेव्हणा ही बातमी ऐकून रजा अर्धवट टाकून आला. आल्या आल्या त्याने खारोबाला मिठी मारली.

"दाजी, तुमच्या लक्षात आलं का? आपण एक जीव वाचवला!"

"आपण? अरे, फांदी मी वेळेवर उतरवली असती तर..."

"तर बाई त्या वेळी खुर्चीत असत्या, तुम्ही वर असता, नुसता ताण. आपण काय केलं? ग्राहकाला झाडाखालून हलवलं आणि फांदी पडेपर्यंत बसवून ठेवलं. न चढता, न कापता. जगात कुणाला सुचलं नाही हे!"

खारोबाने बाईंकडे पाहिलं. त्या खरंच समोर जिवंत बसल्या होत्या. पद्धत लागू झाली. ज्याच्या घरावर फांदी रेलली असेल त्याने टोकन घ्यावं, सहकुटुंब येऊन बसावं, आणि फांदी आपोआप पडली की घरी जावं. लोकांना ते पटलं. रांगेत बसलं की आपलं काम चालू आहे असं वाटतंच. चाळीसच्या चारशे खुर्च्या झाल्या. जागा पुरेना, तेव्हा मागच्या आवारातल्या जुन्या झाडाभोवती नवं प्रतीक्षालय बांधलं. सावली फुकट मिळते म्हणून छप्पर घातलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी हार घालून घेताना खारोबाचा हात सवयीने त्या झाडाच्या खोडावर गेला. टकटक केलं. भद्द. पुन्हा केलं. भद्द. वर पाहिलं तर चारशे खुर्च्यांवर पसरलेली एकच फांदी होती.

तो खिडकीकडे धावला. "सगळ्यांना उठवा!"

"उठवलं तर त्यांना ताण येईल, साहेब," मुलगी म्हणाली. "तुमची काही तक्रार असेल तर टोकन घ्या." त्याला चारशे बारावा नंबर मिळाला.

तो खुर्च्यांमधून ओरडत फिरला. लोकांनी त्याला रांग मोडू नका म्हणून खाली बसवलं. शेवटी एकच वाट उरली. प्रतीक्षालयातल्या लोकांना वाचायला काहीतरी हलकंफुलकं द्यावं, असा ठराव झालेला होता. खारोबाने रात्रभर बसून घडलं तसं सगळं लिहून काढलं, थोडी गंमत घालून. मजकूर तपासायला नेमलेली समिती निम्म्यापर्यंत वाचून पोट धरून हसली आणि तिने मंजुरी दिली. नव्या खुर्चीसाठी अर्ज घेऊन आलेल्या बाईंनाही एक प्रत मिळाली. त्यांनी ओली उशी बडवल्यासारख्या आवाजापर्यंत वाचलं, मान वर करून पाहिलं, आणि बसल्या होत्या ती खुर्ची उचलून सरळ फाटकाबाहेर गेल्या.

बाकीच्यांनी वर पाहिलं नाही. त्यांना गोष्ट आवडली होती, शेवट काय होतो ते वाचायचं होतं, आणि नंबरही जवळ आल्यासारखा वाटत होता. तुम्ही तर वर न पाहता अगदी इथवर वाचत आलात. टोकन नीट धरून ठेवा, हरवलं तर पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.