संशयित पत्राची चौकशी

अर्धवट ज्ञान काही माणसांना पचतं. मला ते लगेच घरात वापरावंसं वाटतं.

गेल्या सोमवारी आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात संगणक-सुरक्षेवर व्याख्यान झालं. साहेबांनी मला बसवलं, कारण मी आवक-जावकच्या टेबलावर नसलो तरी कुणाचंच काही अडत नाही (हे साहेबांचे शब्द). व्याख्याते म्हणाले, पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर जुनं असलं की त्याला भोकं असतात. नुसती फाइल उघडली तरी चोर आत शिरतो. म्हणून ते वेळच्या वेळी अपडेट करा, आणि एखाद्या मेलची शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करून घ्या. इतकं साधं होतं. पण साधं काही सरळ करणं आमच्या स्वभावात नाही.

घरच्या संगणकावर ती अपडेटची चौकट रोज उगवायची आणि मी तीन वर्षं न चुकता 'नंतर' दाबत आलो होतो. त्या संध्याकाळी मात्र मी पेटलो. भोकं बुजवत कशाला बसायचं? मी ते सॉफ्टवेअरच काढून टाकलं. मग बायकोच्या फोनवरची मेल बंद केली, पासवर्ड बदलला आणि जाहीर केलं, "यापुढे घरात येणारी प्रत्येक मेल माझ्या नजरेखालून जाईल."

"बरं झालं," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली. "नाहीतरी घरातलं दुसरं काही तुमच्या नजरेखालून जात नाही. फक्त माझं मुलाखतीचं पत्र यायचंय, ते आलं की सांगा."

बायको शिक्षिका आहे. दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती आणि तिनं अर्ज केला होता. ती जागा तिला किती हवी होती हे मला ठाऊक होतं. तो अर्ज तिनं चार वेळा फाडून पाच वेळा लिहिला होता.

"अगं, सांगतो की!" मी म्हणालो.

बुधवारी एक मेल आली. पत्ता अनोळखी, विषय 'तातडीचे', सोबत पीडीएफ. घाई करणारी मेल दिसली की सावध व्हा, असंही व्याख्याते म्हणाले होते. मी इतका सावध झालो की 'संशयित' नावाचा नवा फोल्डर करून तिला त्यात कोंडून टाकलं. घरात अवाक्षर काढलं नाही. (तपास चालू असताना माहिती फोडायची नसते.)

शनिवारी सकाळी बायको चहा घेऊन खिडकीशी बसली होती. "एव्हाना पत्र यायला हवं होतं," ती म्हणाली. "नाही बोलावलं मला. उगाच आशा लावून बसले." चहा तिनं तसाच ठेवला. तो चेहरा बघून मला एकदम तो फोल्डर आठवला.

गुपचूप पत्र उघडायला गेलो तर ते उघडेना. (उघडणारं सॉफ्टवेअर कुणीतरी काढून टाकलं होतं.) पुन्हा बसवायला घेतलं तर संगणक म्हणाला, चाळीस मिनिटं लागतील. मग मी व्याख्यात्यांना स्मरून अर्जाच्या प्रतीवरून शाळेच्या अध्यक्षबाईंचा नंबर काढला आणि फोन लावला. पुरावा राहावा म्हणून स्पीकरवर ठेवला.

"तुम्ही बुधवारी एक पीडीएफ पाठवलीत का?"

"कोण बोलतंय?"

"ते सांगता येणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. तुम्ही अध्यक्ष आहात याला पुरावा काय?"

"अहो, अकरा वर्षं आहे मी अध्यक्ष!"

"असं कुणीही म्हणेल. तुमच्याकडचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट केलंत?"

"तुम्हांला नक्की हवंय काय?"

"पत्रात काय आहे ते वाचून दाखवा. सावकाश."

आश्चर्य म्हणजे बाईंनी वाचलं. "आपणांस शनिवारी सकाळी अकरा वाजता मुलाखतीस बोलावण्यात येत आहे..."

"कुठला शनिवार?"

"आजचा."

घड्याळात दहा वीस झाले होते. तेवढ्यात मागून एक हात आला आणि फोन घेऊन गेला.

"नमस्कार बाई, मी उमेदवार बोलतेय. अकराला पोचते." बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "त्या व्याख्यात्यांनी अपडेट करा म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग काढून का टाकलंत?"

ती केस विंचरत विंचरतच जिना उतरली.

मी सॉफ्टवेअर बसवलं, अपडेट केलं, तिची मेल तिला परत जोडून दिली आणि दाराकडे बघत बसलो. जागा गेली तर ती मला एका शब्दानंही बोलणार नाही, हे मला माहीत होतं, आणि भीती त्याचीच वाटत होती.

दुपारी दोनला दार उघडलं. "मिळाली," ती म्हणाली आणि खुर्चीत बसून हसायलाच लागली. माझे डोळे भरून आले.

"काय काय विचारलं गं?"

"दोनच प्रश्न. सकाळी फोनवर होते ते गृहस्थ कोण, आणि लग्नाला किती वर्षं झाली."

"बस? अनुभवाचं काहीच नाही?"

"अर्जात 'अवघड मुलं सांभाळण्याचा अनुभव' असा रकाना होता. मी बारा वर्षं लिहिलं होतं. बाईंनी ते खोडून स्वतःच्या हातानं एकोणीस केलं."