गस पावलकने पुरलेला आलेलुया

"पुरायचं काम माझ्यावर सोडा!" गस पावलक छाती पुढे काढून म्हणाला, आणि सगळं बिघडलं ते तिथूनच.

उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, चर्चमध्ये आलेलुया हा देवाच्या स्तुतीचा घोष गात नाहीत. म्हणून उपासकाळ लागायच्या आदल्या दिवशी शाळेतली मुलं 'आलेलुया' लिहिलेलं कापड पेटीत घालून मैदानात पुरतात आणि ईस्टरनंतर वर काढतात. यंदा मान दुसरीचा होता, कारण यंदा त्यांचं पहिलं कम्युनियन, वेदीवरचा पवित्र प्रसाद पहिल्यांदा घ्यायचा सोहळा. दुसरीत पोरं उरली होती सात. सातही जणांनी रंगात हात बुडवून कापडावर पंजे उमटवले. पेटी गसने दिली, स्वतःची अवजारांची, वर ठसठशीत नाव घातलेली.

"खूण म्हणून काठी रोवा हं," मुख्याध्यापिका डॉनेलीबाई म्हणाल्या.

"काठी? मॅडम, याच मैदानात गुडघे फोडून लहानाचा मोठा झालोय! डोळे बांधा, तरी काढून दाखवीन!"

जमीन दगडासारखी गोठलेली. कुदळीचा दांडा मोडला, गसची कंबर धरली, पण पेटी एकदाची खाली गेली. मग त्याने खूण धरली ती कोपऱ्यातल्या बर्फाच्या ढिगाची! रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या नांगरगाडीने रचलेला, बसएवढा उंच ढीग. सरोवराकाठच्या त्या गावात असले ढीग मेपर्यंत जागचे हलत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल.

"बाबा, नक्की सापडेल ना?" त्याच्या टेसने विचारलं. "आमच्या कम्युनियनला वेदीमागे तेच लावणार आहेत."

"बापावर विश्वास नाही?"

"आईने तुला गॅरेजची किल्ली सांभाळायला दिली होती," टेस म्हणाली.

त्या वर्षी मार्चमध्येच ऊन पडलं. ढीग वितळून वाहून गेला, आणि त्याबरोबर गसची खूणही.

ईस्टरनंतर शाळा उघडली त्या दिवशी सगळे मैदानात जमले. गसने पहिला खड्डा खणला. गांडुळं! दुसरा खणला. पाणी! तिसऱ्या खड्ड्यात तो स्वतःच घसरून पडला. आया तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. टेस हसत नव्हती. कम्युनियनचा रविवार तोंडावर आला होता.

गस कुंपणाकडे वळला, तसे फादर टिम धावत आले. "गस, तिकडे नको रे. तिथे… झाडाची मुळं आहेत."

"झाड कुठाय, फादर?"

"होतं. पूर्वी."

फादरांना खोदकामातलं काय कळतं, असं मनाशी म्हणत गसने फावडं हाणलं. खट्! "सापडलं!" पोरं नाचायला लागली. मातीतून आधी दोन पाय निघाले. मग झगा, मग दाढी. वीतभर उंचीचा संत जोसेफचा पुतळा, डोकं खाली, पाय वर!

"मला माहितीय!" सातातला डॉमिनिक ओरडला. "आजीचं घर विकलं जात नव्हतं, तेव्हा तिने असाच उलटा पुरला होता. मग लगेच गिऱ्हाईक आलं!"

डॉनेलीबाई सावकाश वळल्या. "फादर, आपण काय विकतोय?"

फादरांचा चेहरा पडला. "वरून निर्णय आलाय. शाळा जूनपर्यंतच. मुलांचं कम्युनियन होऊन जाऊ दे, मग सांगणार होतो."

"आणि हे?"

"गिऱ्हाईक मिळेना हो!" फादर रडवेले झाले.

चिखलाने भरलेले बूट ओढत टेस त्यांच्यापाशी गेली आणि तिने त्यांचा हात धरला. थोड्याच दिवसांपूर्वी, पहिल्या कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, ती दाराशी थरथरत होती, तेव्हा त्यांनी तिचा असाच धरला होता. "पहिल्यांदा फार भीती वाटते, फादर," ती म्हणाली. "सांगून टाकलं की बरं वाटतं."

पण बरं कोणालाच वाटलं नाही. फादर रडले, डॉनेलीबाई रडल्या, आणि मघाशी हसणाऱ्या आयांचे रुमाल आता डोळ्यांना लागले.

कम्युनियन झालं. वेदीमागची भिंत कोरीच राहिली. संत जोसेफला मात्र मुलांनी धुऊन ऑफिसच्या खिडकीत सरळ उभा केला. "आता बघतो शाळा कोण विकत घेतो ते!" गस गरजला. टेस रोज जोसेफपुढे हात जोडून उभी राहायची. बापाचं एवढं तरी खरं व्हावं, असं तिला फार वाटत होतं.

उन्हाळ्यात शाळा विकली गेली. तिथे गोदामं व्हायची होती.

सप्टेंबरात बांधकामावरून गसला फोन आला. "खोदताना एक पेटी निघालीय. वर तुमचं नाव आहे."

"कुठे, कुंपणाशी?"

"छे! फाटकाशी." म्हणजे बरोबर उलट्या टोकाला.

टेसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड पसरलं. ओलसर, कुबट वासाचं. पण पंजे सातही शाबूत होते. तिच्या नव्या शाळेत आलेलुया कोणी गातही नव्हतं आणि पुरतही नव्हतं.

"बघ, सापडला की नाही!" गस म्हणाला.

"आणि शाळा?" टेसने विचारलं. गस भांडी घासायला उठला.

पुढच्या उपासकाळाच्या आदल्या दिवशी टेसने पेटी घराच्या परसात पुरली. गसने फक्त गोठलेली माती फोडून द्यायची आणि घरात जायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. वर तिने काठी रोवली, दोन पावलं मागे सरून नीट बघितली, पुन्हा दाबली.

गस खिडकीतून बघत होता. काठी थोडी वाकडी होती. पण तसं सांगायची त्याची छाती झाली नाही.