ओळंब्यातलं शिल्प

पहिल्या दोन शिल्पांच्या साच्याच्या फळ्या काढल्या, त्या दिवशी चनमल्लप्पा गवंडी जेवला नाही. कॉलेजच्या पटांगणात त्यानंच ओतलेलं पहिलं काँक्रीटचं धूड एका अंगाला असं कललं होतं, की बघणाऱ्याचा हात आपसूक सावरायला पुढं व्हावा. दुसऱ्याच्या तर पोटात आरपार भोक. मुंबईचे शिल्पकार नारायणराव मात्र दोन्हींभोवती हात मागे बांधून फिरत होते आणि "वा!" म्हणत होते.

चाळीस वर्षं चनमल्लप्पानं सोलापुरात भिंती उभारल्या. एकही ओळंब्याच्या उभ्या दोऱ्याला सोडून गेली नव्हती. नवी नवरी होती तेव्हा निंगव्वा जात्यावर गायची,

कंथाचं गं काम, जसा ओळंब्याचा दोरा
उभी भिंत बघायाला, थांबे वाटंवरचा वारा

आता वारा थांबलाच तर हसायला थांबेल, असं त्याला वाटलं.

त्यात सोमवारी अक्कलकोटचे शरणप्पा यायचे होते. तेही गवंडीच. थोरल्या लेकासाठी चनमल्लप्पाच्या लेकीला, चंद्रव्वाला, मागणी घालायची होती. पण त्यांच्या घरची रीत अशी, की पोरीचं तोंड बघायच्या आधी बापाचं काम बघायचं.

"शाळंची भिंत दाखवा की त्यास्नी," निंगव्वा म्हणाली.

"चालू काम बघणार म्हून सांगून धाडलंय. चालू काम ह्ये हाय!"

"मग?"

"मग काय? पोरगी ऱ्हाती आता घरात."

तिसऱ्या शिल्पाचा साचा बांधून नारायणराव चार दिवसांसाठी मुंबईला निघाले. जाताना म्हणाले, "चनमल्लप्पा, याचं नाव 'आक्रोश'. सगळ्यांत जास्त झुकायला हवं हे. मधलं भोक जपा, जीव आहे त्यात. आणि सरकारी परमिटावर मिळालेलं सिमेंट एवढंच उरलंय. चुकलं तर पुन्हा नाही."

"व्हय साहेब," चनमल्लप्पा म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

पण माल ओतायच्या सकाळी त्यानं सवयीनं, नुसतं बघायला म्हणून, ओळंबा सोडला. दोरा एकीकडं, साचा हातभर दुसरीकडं.  एक टेकू जरासा सरकवला. मग दुसरा. दोरा फळीच्या अंगाला लागून उभा राहिला, तेव्हा कुठं त्याला धड श्वास आला. आता सरळ खांबाला भोक कसं शोभायचं? भोकासाठी बसवलेली पेटीही त्यानं काढून टाकली आणि माल ओतला.

रविवारी नारायणराव परतले. फळ्या निघाल्या. समोर एक नितळ, सरळसोट खांब. वर विजेची तार ओढायची तेवढी बाकी.

"माझा आक्रोश कुठाय?"

"ह्यो हाय की, साहेब. सरळ केला."

नारायणराव वाळूच्या ढिगावर मटकन बसले. रागावलेसुद्धा नाहीत, हेच वाईट. चनमल्लप्पानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. दुसरा आणला, तोही. आपण कुणाच्या तरी लेकराला इजा केली, असं त्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सोमवारी सकाळी शरणप्पा आले, तेव्हाही नारायणराव त्याच ढिगावर होते. शरणप्पा धोतराचा सोगा धरून पहिल्या शिल्पाच्या कललेल्या अंगाखाली शिरले, तळवा मारून पाहिला. "आरं बाबा! ह्ये पडंना कसं?" दुसऱ्याच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला. "धार बघा की धार! कुटं कपचा न्हाय. पाव्हणं, सरळ भिंत कुणीबी उभारतंय. पडणारं उभं ठिवायचं, म्हंजी हात लागतो. तुमची पोरगी आमची झाली!"

चनमल्लप्पाला धड हसताही येईना. तेवढ्यात शरणप्पा तिसऱ्यापुढं थांबले.

"आन् ह्यो दांडका कुणाचा?"

चनमल्लप्पानं मान खाली घातली. "त्यो... साहेबांचा."

"माझा नव्हे!" वाळूच्या ढिगावरून नारायणराव ओरडले. कालपासून घशातून निघालेला तेवढाच काय तो आक्रोश.

पुढं दोन चौथऱ्यांवर नावं कोरली गेली. तिसरा कोराच राहिला. चंद्रव्वा सासरी गेली. त्या वाटेनं जाताना कुणी नाही असं बघून चनमल्लप्पा कधीमधी त्या खांबाला ओळंबा सोडायचा. दोरा केसभरही सुटत नसे. मग त्याला आणखीच वाईट वाटायचं.