कपाटातला गायक

कपड्यांच्या कपाटात उभं राहून टाळी वाजवली, तर ती लगेच मरते. भिंतीवर आपटून परत येत नाही. निदान त्या कपाटात तरी येत नव्हती. डावीकडे सात लोकरी कोट, उजवीकडे बायकोचे सुती कपडे, मागे दोन रजया. फक्त वरच्या फळीवरच्या रिकाम्या सुटकेसमुळे किंचित घुमायचं, म्हणून मौनीने तिच्यात उशा कोंबल्या होत्या. मग पुन्हा एक टाळी वाजवून त्याने खात्री करून घेतली, आणि कपाटाचं दार आतून ओढून घेतलं. तिथे, दर शनिवारी दुपारी, बायको प्रयोगशाळेत कामाला गेलेली असताना, त्याने नऊ गाणी गाऊन रेकॉर्ड केली होती.

बायकोला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. रात्री उशी सापडेना, तेव्हा तिने सुटकेस उघडली.

मौनी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. बावीस वर्षं तो ज्या बँडमध्ये बेस गिटार वाजवत होता, त्यांची गाणी लग्नाच्या हॉलपासून दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे वाजत. पण इतक्या वर्षांत त्याच्यासमोर माइक ठेवायची वेळ कोणावर आली नव्हती. कार्यक्रमानंतर चाहते त्याच्याकडे धावत यायचे, ते बहुधा गायक कोणत्या दाराने बाहेर पडतात हे विचारायला.

गाणी तयार होऊन अकरा महिने झाले होते. आता फक्त बँडला सांगायचं बाकी होतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं. सात वर्षांपूर्वी त्यांच्या कीबोर्डवाल्याने स्वतःचा अल्बम काढला होता. भांडण झालं नाही, कोणी कोणाला वाईट बोललं नाही. फक्त सहा महिन्यांनी नवीन पोस्टर आलं, त्यात चौघेच होते आणि ड्रमवाल्याच्या खांद्यावर कोणाची तरी चार बोटं राहून गेली होती. मौनीला ती बोटं अधूनमधून आठवत.

"अकरा महिने झाले," बायको म्हणाली. ती नमुने तपासणारी बाई, तारखा चुकत नसे. "सांगून टाक ना एकदाचं."

"मंगळवारी सांगतो," मौनी म्हणाला. मंगळवारी तालीम असे. असे पंचेचाळीसेक मंगळवार आजवर येऊन गेले होते.

त्या मंगळवारी मात्र भानगड झाली.

या बँडची कामाची एक पद्धत होती. नवं गाणं गायकाने घरी कच्चं गाऊन पाठवायचं. मौनीने त्याच्याखाली तालाची टिकटिक घालून ते एका कार्डावर चढवायचं, कारण हे कंटाळवाणं काम दुसरं कोणी करत नसे. आणि तालमीत चौघांनी इअरफोनमधून ते ऐकत ऐकत वाजवायचं. मौनीकडे अशी दोन कार्डं होती, रंगाने आणि आकाराने सारखी. एकावर बँडचं नवं गाणं होतं. दुसऱ्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

टिकटिक सुरू झाली. मग कानात नुसत्या बेसच्या साथीने एक पातळ, थोडा घाबरलेला पुरुषी आवाज गाऊ लागला.

दुसरा कुठलाही बँड असता तर थांबून म्हणाला असता, हे काय लावलंय? पण यांचे हात बावीस वर्षं कानात येईल त्याच्या मागे जायला शिकलेले. चौथ्या ठेक्यावर ड्रमवाला शिरला. दुसऱ्या ओळीला गिटारवाल्याने सूर पकडले. मौनी स्वतःचंच गाणं वाजवत होता आणि त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता. एकटा गायक तोंड उघडं ठेवून उभा होता, कारण त्याने ज्या जागी स्वतःचा आवाज ऐकायची तयारी ठेवली होती, तिथे दुसराच कोणी गात होता.

गाणं संपलं. "हा कोण?" गायकाने विचारलं.

मौनीने तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं, अकरा महिने घासून गुळगुळीत झालेलं. पण त्याच्या आधी गिटारवाला बोलला.

"कोणी का असेना, खरा वाटतो. आपल्याकडे असा आवाज नव्हताच."

गायकाचा चेहरा उतरला. मौनीने तोंड मिटलं. एवढ्यात सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं झालं असतं.

संध्याकाळी गायकाचा त्याला फोन आला. बाकी दोघे मिळून आपल्याला काढतायत, गुपचूप नवा गायक बघून ठेवलाय, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. "तू कमी बोलतोस, म्हणून तुझ्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "खरं सांग, आणतायत ना कोणाला?" मौनी नाही म्हणाला. "तुलाही कळू दिलं नाही म्हणजे," गायक हळहळला, आणि पुढची वीस मिनिटं मौनीचंच सांत्वन करत बसला. त्याला मध्येच थांबवून काही सांगणं मौनीला बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी गिटारवाल्याचाही फोन आला. गायकाने स्वतःसाठी जोडीदार आणलाय आणि वर आपल्यालाच विचारतोय, असं त्याचं म्हणणं. दोघांचं बोलणं बंद झालं. त्या आवाजाचा मालक समोर आल्याशिवाय आपण स्टेजवर पाय ठेवणार नाही, असं गायकाने जाहीर केलं, आणि बाविसाव्या वर्षाचा मोठा कार्यक्रम अडीच आठवड्यांवर आला होता.

मॅनेजर हा व्यवहारी माणूस. त्याने डोकं शांत ठेवून विचार केला. कार्डं भरतो मौनी, पण मौनी आणि गाणं? शक्यच नाही. मग कार्डांची पेटी कुठे असते? सामानाच्या गाडीत. गाडीत गातं कोण? ड्रायव्हरमामा. त्याने मामांना बोलावून ते गाणं ऐकवलं.

मामांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं. मग संकोचून म्हणाले, "माझाच असेल."

ते खोटं बोलत नव्हते. मागच्या महिन्यात रिकाम्या हॉलमध्ये सामान उतरवताना त्यांनी चालू माइकवर बराच वेळ गळा मोकळा केला होता. तेव्हा कोणीतरी रेकॉर्ड केलं असणार. शब्द कुठून आले हे आठवत नाही, पण गाताना आपल्याला भान राहत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

गायकाच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपली खुर्ची शाबूत आहे म्हटल्यावर त्याचं मन आभाळाएवढं झालं. त्याने गिटारवाल्याला मिठी मारली, आणि मामांना आपण पुढे आणणार, मोठ्या कार्यक्रमात हे गाणं घेणार, पुढे त्यांचा वेगळा अल्बमसुद्धा काढणार, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मौनीने पुन्हा तोंड मिटलं. आता तर एका भल्या माणसाच्या आनंदावर पाणी पडणार होतं.

"म्हणजे तुझी गाणी आता मामांची झाली," बायको म्हणाली.

"त्यांना फार आनंद झालाय."

"आणि तुला?"

मौनी बटाटे चिरत राहिला. ती थोडा वेळ बघत होती. मग तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण फोडी फारच बारीक होऊ लागल्या होत्या.

पुढच्या मंगळवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून तालमीला आले. त्यांचा आवाज गाडीच्या हॉर्नच्या जातीचा होता. कार्डावरच्या आवाजाशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं. सगळे एकमेकांना सांगत राहिले की त्यांना सर्दी झालीय. मामांनीही दोनदा शिंकून दाखवलं.

मौनी हात राखून वाजवत होता. गिटारवाल्याने त्याला बाजूला घेतलं. "राग मानू नकोस," तो म्हणाला, "पण कार्डावर ज्याने बेस वाजवलाय तो एकदा नीट ऐक. तसा वाजव ना."

मौनीने मान डोलावली.

दुसऱ्या कडव्याशी गाडी अडली. मामांना शब्द आठवेनात, म्हणून गायकाने कागदावर उतरवलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या. "'दोन वाजले, गोळी घे.' मामा, हे काय लिहिलंय तुम्ही? कसली गोळी?"

मामा गोंधळले. "माझी गोळी सकाळी असते, साहेब. बीपीची."

"मग बदलू या. प्रेमाच्या गाण्यात औषधं कशाला? 'दोन तारे, साक्ष दे.' चालीत बसतं बघा." त्याने पेन काढून ती ओळ खोडली.

एका वर्षी मौनीची बायको चार महिने अंथरुणाला खिळून होती, आणि बँड दौऱ्यावर होता. तो जिथे असेल तिथून, बसमधून, स्टेजच्या मागून, एकदा तर तिकिटाच्या रांगेतून, रोज दुपारी तिला फोन करायचा. काय बोलावं त्याला कधी सुचलं नाही. "दोन वाजले, गोळी घे," एवढंच तो म्हणायचा, आणि ती "घेतली" म्हणायची. मग दोघं थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवत. एकशे बावीस दिवसांत त्या ओळीत एक शब्द कमीजास्त झाला नव्हता.

मौनीने बेस गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला. तो गायकाच्या माइकपाशी गेला. गायक गोंधळून बाजूला सरकला. मौनी या दिशेने येण्याची कोणाला सवयच नव्हती. माइक चालू होता, त्यामुळे त्याचा श्वाससुद्धा आठही स्पीकरमधून ऐकू आला. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या.

"माफ करा, मामा," मौनी म्हणाला. "तो आवाज माझा आहे. ओळ बदलायची नाही. मी माझ्या गाण्यांचा वेगळा अल्बम काढतोय, आणि बँड सोडत नाहीये."