एक, दोन, चार, पाच, सात, आठ

आमच्या शेजारचे दादा सख्ख्या भावांना नावानं हाक मारत नाहीत. "चारचा गुडघा दुखतोय," म्हणतात. "सात रुसलाय." नवखा माणूस चहा अर्धा टाकून उठतो.

काशीदच्या अलीकडे आमचं गाव. दादांनी जन्मभर होड्यांवर नंबर रंगवले. ब्रश बुडवण्याआधी ते नंबराला सगळीकडून भागून बघत. "ह्याला कशानंच भाग जात न्हाय," असं त्यांनी एका नाखव्याला सांगितलं, तर त्या बिचाऱ्यानं शांत करायची काही पूजा असते का, म्हणून विचारलं.

पण दादांचा खरा जीव एकाच आकड्यावर, १४२८५७. दोनानं गुणा, २८५७१४. तिनानं गुणा, ४२८५७१. सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा आकडे त्याच क्रमानं फिरतात, फक्त पहिला बदलतो. "मानसं तीच, पाट बदलला," दादा म्हणतात.

दादा धरून भाऊ सहा. घरचा गणपती पाळीनं एकेकाकडे बसतो आणि बाकीचे तिथे जमतात. ही पाळी दादांनी या आकड्यावर लावली. जितवं वर्ष तितक्यानं गुणायचं, पहिला आकडा ज्याचा, त्याच्याकडे गणपती. थोरले दादा एक, मग दोन, चार, पाच, सात, आणि पनवेलचा धाकटा आठ. तीन, सहा, नऊ कुठे गेले विचारलं, तर "ते आमच्या घरान्यात न्हायत."

सहा भावांना सहा चिठ्ठ्या पुरल्या असत्या, असं मी एकदा बोलून गेलो. आठवडाभर अबोला.

यंदा सातवं वर्ष. सातानं गुणलं की ९९९९९९. नऊ कोणाचाच नाही, तेव्हा गणपती मूळ घरी, असा दादांचा निकाल. मूळ घर दादांचंच. पुढल्या वर्षी पुन्हा एकपासून सुरुवात, म्हणजे परत दादाच. हे लक्षात आल्यावर धाकटा तडक पनवेलहून आला. लागोपाठ दोन वर्षं कशी, पुढलं वर्ष दोनचं आहे, नाहीतर मी माझा वेगळा गणपती आणतो, म्हणाला.

मी नाही, आकड्यानं ठरवलंय, असं दादा जरा वेळ सांगत राहिले. मग आवाज उतरला.

"तुजी वयनी गेली तवापासनं दारात माज्याच चपला. सहा वर्सांतनं येकदा दार भरतं. म्हनून ह्यो आकडा शोधला."

मला माझ्या चिठ्ठ्यांची लाज वाटली.

 धाकटा मोबाईलवर काहीतरी गुणत बसला. "दादा, आठानं गुणून बघितलंस कधी?"

दादा सातापुढे कधी गेलेच नव्हते. धाकट्यानं मोबाईल समोर धरला. ११४२८५६.

"पुढलं वर्ष आठवं. बघ, सुरुवातीलाच तुझा आकडा लागोपाठ दोनदा आलाय. मग मी कोण नाही म्हणणारा?"

मोबाईलवर दादांचा विश्वास नाही. त्यांनी पेन्सिल घेऊन भिंतीवरच गुणाकार मांडला. डोळे भरले होते, त्यामुळे हातचा दोनदा चुकला.