तळाची ओळ

सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलात माळचिंचोली बहुउद्देशीय सहकारी संघात संगणक आला आणि त्याच आठवड्यात परसटेकडीच्या वस्तीचा टँकर बंद झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, असा खुलासा संघानं ताबडतोब केला. कुणी विचारलेलं नसताना केला. टँकर थांबला तो तहसिलीच्या परिपत्रकामुळं. संघानं द्यायची टँकरच्या खेपेची चिठ्ठी एक तारखेपासून यंत्रावर छापलेलीच चालेल, हातानं लिहिलेली चालणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं.

यंत्र बसवायला आलेला साहेब घाईत होता. त्यानं हिरव्या अक्षरांचा पडदा सुरू केला. संघाचे सचिव तात्याराव यांनी वापराचं पुस्तक मागितलं, तेव्हा तो हसला.

"पुस्तक आता यंत्राच्या आतच असतं. हे बघा, उघडून देतो. लांब पट्टी दाबली की पुढचं पान, 'बी' दाबलं की मागचं. बाकीचं सगळं आत लिहिलंय."

एवढ्यात सोलापूरची एसटी दिसली आणि साहेब पळाला.

पुस्तक चारशे बारा पानांचं होतं. ते उघडं असेतोवर यंत्र दुसरं काहीच करीत नव्हतं. चिठ्ठी छापायची तर आधी पुस्तकातून बाहेर पडायला हवं होतं, आणि बाहेर कसं पडायचं ते सांगायचं राहून गेलं होतं. वीज गेली असती तर आपोआप सुटका झाली असती. पण यंत्राला बॅटरी जोडलेली होती, आणि संघाच्या आवारात न चुकता काम करणारी तेवढी एकच वस्तू होती. तात्यारावांनी साहेबाला ट्रंककॉल लावला. तीन तासांनी उत्तर आलं, "पुस्तकात पाहावे."

टंकलेखक बंडप्पाला मात्र पहिल्याच मिनिटाला उलगडा झाला होता. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक इंग्रजी ओळ होती. 'क्यू' दाबल्यास बाहेर.

"साहेब, ते खाली..." तो तात्यारावांना म्हणाला.

"बंडप्पा, तुझं काम टायपायचं. वाचायचं काम समितीचं."

बंडप्पाची नोकरी एकोणीस वर्षांची. एवढ्या काळात तो टायपिंगपेक्षा गप्प बसण्यात जास्त तरबेज झाला होता. त्यानं टंकयंत्रात कोरा कागद सरकवला.

संघाचे अध्यक्ष आण्णासाहेब यांच्या अध्यक्षतेखाली पुस्तक वाचन समिती स्थापन झाली. तात्यारावांनी पान वाचून मराठीत सांगायचं, समितीनं मान डोलवायची, बंडप्पानं इतिवृत्त टायपायचं. तळाच्या ओळीबद्दल तात्यारावांनी सुरुवातीलाच निर्णय दिला. ती प्रत्येक पानावर तीच ती येते, अर्थात छापखान्याचं नाव असणार. वाचण्याची गरज नाही.

पहिल्या दिवशी नऊ पानं झाली. दुसऱ्या दिवशी तात्याराव पट्टी दाबणार, तोच आण्णासाहेबांनी हात वर केला.

"मागच्या सभेचं कामकाज वाचून कायम केल्याबिगर पुढं कसं जाता? सहकार खात्याला काय तोंड दाखवायचं?"

मुद्दा बिनतोड होता. 'बी' दाबत दाबत सगळे पहिल्या पानावर आले. नऊ पानं वाचून कायम झाली, मग नवी चार. तिसऱ्या दिवशी तेरा कायम, नवी तीन. नवव्या दिवशी समिती एकोणिसाव्या पानावर पोचली आणि तिथं चक्क कळांची यादी सुरू झाली. पहिलीच कळ 'यू', म्हणजे वर जाणे.

"वर म्हंजी?" आण्णासाहेब सावरून बसले. "माझ्या वर कोण बसलंय इथं?"

चर्चा लांबली. ती कळ स्क्रू-ड्रायव्हरनं उपसून कपाटात कुलूपबंद करण्यात आली. पानाच्या शेवटी लिहिलं होतं, उरलेल्या कळा पुढील पानावर. पण पाच वाजले होते.

दहाव्या दिवशी एकोणीस पानं वाचून कायम होईस्तोवर पाच वाजले. अकराव्या दिवशीही. बाराव्या दिवशी समितीनं कामकाजात सातत्य आल्याबद्दल समाधान नोंदवलं.

या बाराही दिवशी परसटेकडीची चांगुणाबाई रिकामी घागर घेऊन दाराशी बसून होती. वस्तीत चाळीस घरं, एक आड, आणि त्यात आता फक्त दोर भिजत होता. तेराव्या दिवशी समिती चहाला उठली, तेव्हा ती थेट आत आली.

"बंडप्पा, म्हातारी माणसं शेवाळ चोखाया लागल्यात रं. ह्या डबड्यातनं भाईर कसं पडायचं, कुणालाच ठावं न्हाय व्हय?"

"मला ठावं हाय, मावशी."

"मंग पड की भाईर!"

"मला अधिकार न्हाय."

चांगुणाबाईनं कपाळावर हात मारला. "मला तरी हाय का?"

बंडप्पा विचारात पडला. "तुमाला अधिकारबी न्हाय आन् मनाईबी न्हाय. तुमी संघात कुणीच न्हाय."

"ते लई बरं झालं. कंची कळ?"

"अक्षरांच्या वरच्या वळीत, डावीकडनं पहिली."

तिनं कुंकू लावावं तसं बोट टेकवलं. चारशे बारा पानं पापणी लवायच्या आत गेली. छापणं हे टंकलेखकाचंच काम असल्यामुळं बंडप्पानं चिठ्ठी छापली. तिसऱ्या प्रहरी टँकर परसटेकडीवर होता.

समितीनं या प्रकाराची गंभीर दखल घेतली. बाहेर पडण्याचा ठराव झालेला नसल्यानं यंत्र बाहेर पडलेलंच नाही, असं एकमतानं ठरलं. यंत्र पुस्तकात असताना छापलेली चिठ्ठी बेकायदा. सबब टँकर बंद करावा आणि वस्तीनं वापरलेलं पाणी मूळ स्वरूपात परत करावं. तहसिलीला तसं पत्र टायपायचा हुकूम बंडप्पाला झाला.

बंडप्पानं पत्र शब्दशः टायपलं. दीड पान झालं. मग त्यानं क्षणभर दाराशी पाहिलं. घागर तिथंच होती. त्यानं अगदी तळाशी, सहीच्या जरा वर, आणखी एक ओळ टायपली: 'तरी परसटेकडीचा टँकर पावसाळा लागेपर्यंत रोज दोन खेपा चालू ठेवावा.'

तात्यारावांनी पत्राचा मथळा वाचला. आण्णासाहेबांनी मथळा वाचणाऱ्या तात्यारावांकडं पाहिलं आणि सही ठोकली. तहसिलीत कामाचा रेटा मोठा. तिथं सही आणि तिच्या वरची ओळ एवढंच वाचायची पद्धत होती.

टँकर जूनच्या अखेरपर्यंत रोज दोनदा आला. समिती अद्याप एकोणिसाव्या पानावर आहे.

वाचकहो, हसा खुशाल. फक्त परवा बँकेत किंवा कचेरीत फुली दाखवली तिथं तुम्ही जी सही करून आलात, तिच्या वरच्या बारीक ओळीत काय होतं, तेवढं सांगा.